कुरुंद्याच्या मुलांना अर्थशास्त्र कशाला?

खेड्यापाड्यांतील कला महाविद्यालये हा समाजावरचा निरर्थक बोजा आहे, असे म्हणण्याची आता रीतच पडून गेली आहे. राज्यकर्ते म्हणतात, संस्थाचालक म्हणतात, शहरातील सुशिक्षित तर म्हणतातच. पण अलीकडे आपल्या शिबिरांतूनही हा सूर ऐकू येऊ लागला आहे. वसमत तालुक्यातील कुरुंद्यासारख्या गावचा मुलगा वा मुलगी अर्थशास्त्र घेऊन बी. ए. करते आहे असे कळले, की ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर कीव उमटते. त्यापेक्षा आय. टी. आय. करावे, औषधनिर्माणाची पदविका घ्यावी, पोलीसभरतीसाठी मैदानावर धावावे, असा सल्ला मिळतो. सल्ला देणाऱ्यांच्या मनात दुष्टावा असतो असे नव्हे. पण त्या सल्ल्यात एक गृहीत दडलेले असते. विचार करावयास शिकवणारे शिक्षण ज्यांना पोटाची चिंता नाही त्यांनी घ्यावे, आणि हुकूम पाळावयास शिकवणारे शिक्षण बाकीच्यांनी घ्यावे, हे ते गृहीत होय. वर्णव्यवस्थेने वेगळे काय सांगितले होते? समाजवादी म्हणवणाऱ्याने तरी ही नवी आवृत्ती निमूटपणे स्वीकारता कामा नये.

कुरुंदा हे नाव महाराष्ट्राला ठाऊक आहे ते नरहर कुरुंदकरांच्या आडनावामुळे. १९३२ साली नांदापूर येथे जन्मलेला आणि इंटरच्या परीक्षेत वारंवार नापास झालेला हा माणूस पुढे नांदेडच्या पीपल्स कॉलेजात अध्यापक झाला, प्राचार्य झाला, आणि १९८२ साली मृत्यू येईपर्यंत नांदेडात राहूनच अवघ्या महाराष्ट्राशी वाद घालीत राहिला. कुरुंदकर हे अपवाद होते, असे कोणी म्हणेल. असतील. पण अशा अपवादाला बसावयास खुर्ची, वाचावयास ग्रंथालय आणि बोलावयास विद्यार्थी ज्या ठिकाणी मिळाले, ते ठिकाण म्हणजे जिल्ह्याच्या गावचे एक साधे महाविद्यालय होते, ही गोष्ट विसरता येणार नाही.

आता कुरुंद्याच्या शिवारात जाऊन पाहू. ह्या भागातील शेतकरी हळद लावतो, ऊस लावतो, सोयाबीन पेरतो. हळदीची लागवड पावसाळ्याच्या तोंडाशी होते. काढणी, शिजवणे, वाळवणे आणि पॉलिश करणे हे सारे होऊन माल वसमतच्या वा हिंगोलीच्या मोंढ्यात जाईपर्यंत पुढच्या वर्षाचा उन्हाळा उजाडतो. एवढा काळ ज्याने भांडवल गुंतवले त्याला शेवटी भाव किती मिळणार हे ठाऊक नसते. केंद्र सरकार २२ पिकांना हमीभाव जाहीर करते. त्यांत हळद नाही. हळदीचे वायदे मात्र होतात. २०२४ साली वसमतच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळाले आणि जानेवारी २०२५ मध्ये राष्ट्रीय हळद मंडळ स्थापन झाले, त्याचे मुख्यालय निजामाबादला ठेवले गेले. मानांकनाचा लाभ उत्पादकाला होणार की व्यापाऱ्याला? वायदेबाजारात कधी न उगवलेल्या हळदीचा सौदा होतो, त्याचा मोंढ्यातील बोलीवर काय परिणाम होतो? काट्यावर कडता कापला जातो तो कोणत्या नियमाने? हे प्रश्न अर्थशास्त्राचे आहेत. ते ज्याच्या आयुष्यात रोज उभे राहतात त्यालाच अर्थशास्त्राची गरज नाही, असे म्हणणे म्हणजे रोग्याला आरोग्याच्या ज्ञानाची गरज नाही असे म्हणण्यासारखे आहे.

उसाचे पाहा. कुरुंद्यालाच टोकाई सहकारी साखर कारखाना उभा राहिला. वसमतला पूर्णा कारखाना आहे. २०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्राने उसाचा रास्त व किफायतशीर दर १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलमागे ३५५ रुपये ठरवला. उतारा दशांश एक टक्क्याने वाढला की दर ३ रुपये ४६ पैशांनी वाढतो. घटला की, ९.५ टक्क्यांच्या मर्यादेपर्यंत, तेवढाच घटतो. म्हणजे उताऱ्याच्या अर्ध्या टक्क्याला टनामागे १७३ रुपये. शंभर टन ऊस घालणाऱ्या शेतकऱ्याच्या दृष्टीने हा १७,३०० रुपयांचा प्रश्न झाला. त्यातून तोडणी-वाहतुकीचा खर्च वजा होतो. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे चौदा दिवसांत पैसे मिळाले पाहिजेत, न मिळाल्यास १५ टक्के व्याज द्यावे लागते. फेब्रुवारी २०२२ मध्ये महाराष्ट्र शासनाने ही रक्कम दोन हप्त्यांत देण्याची मुभा कारखान्यांना दिली. तो निर्णय मार्च २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने रद्द ठरवला. ह्या मधल्या तीन वर्षांत किती गावांतील किती शेतकऱ्यांनी आपल्या थकलेल्या रकमेवरील व्याजाचा हिशेब स्वतः मांडला असेल? हा हिशेब अवघड नाही. तो करता येतो हे सांगणारा माणूस गावात असावा लागतो, एवढेच.

सोयाबीनच्या हमीभावातही हीच मेख आहे. उत्पादनखर्चाच्या दीडपट भाव देतो, अशी घोषणा २०१८ च्या अर्थसंकल्पात झाली. कोणता उत्पादनखर्च? प्रत्यक्ष खिशातून गेलेला खर्च आणि घरच्या माणसांची मजुरी एवढाच तो धरला जातो. स्वतःच्या जमिनीचा खंड आणि स्वतःच्या भांडवलावरील व्याज ज्यांत येते तो सर्वसमावेशक खर्च, ज्याला सी-२ म्हणतात, तो धरला जात नाही. दोन व्याख्यांमधील हे अंतर हजारो कोटींचे आहे, आणि ते एका अक्षराच्या व एका अंकाच्या आड लपले आहे. ज्यांना ही अक्षरे वाचता येत नाहीत, त्यांना लुबाडण्यासाठी दरोडेखोर लागत नाहीत. एक परिपत्रक पुरते.

मराठवाड्याने हे एकदा अनुभवले आहे. निजामी राजवटीत १९१८ साली उस्मानिया विद्यापीठ सुरू झाले तेव्हा तेथे अर्थशास्त्रासकट सारे विषय उर्दूतून शिकवण्याची व्यवस्था झाली. त्यासाठी भाषांतराचे स्वतंत्र खाते उघडण्यात आले. देशी भाषेतून उच्च शिक्षण देता येते हे त्या विद्यापीठाने सिद्ध केले, हे त्याचे श्रेय नाकारू नये. पण ती भाषा मराठवाड्याच्या कुणब्याची नव्हती आणि ते विद्यापीठ त्याच्या पायरीपासून फार दूर होते. १९४८ मध्ये संस्थान मुक्त झाले आणि १९५० साली एकाच वर्षी दोन घटना घडल्या. स्वामी रामानंद तीर्थांच्या प्रेरणेने नांदेडला पीपल्स कॉलेज निघाले, आणि औरंगाबादेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने मिलिंद महाविद्यालयाचा पाया घातला. दोन्ही नावांतील ‘पीपल्स’ हा शब्द योगायोगाने आलेला नाही. वसमतच्या महाविद्यालयाला मुक्तिसंग्रामातील हुतात्मा बहिर्जींचे नाव आहे. पदव्यांची दुकाने थाटावी म्हणून ही महाविद्यालये निघाली नव्हती. ज्यांना प्रजा म्हणून वागवले गेले त्यांना नागरिक करावे म्हणून ती निघाली.

आणि नागरिक झाले की माणसे हिशेब विचारतात. १९७४ चे मराठवाडा विकास आंदोलन विद्यार्थ्यांनी उभे केले. त्या आंदोलनात ह्याच वसमतला विद्यार्थ्यांवर पोलिसांच्या गोळ्या चालल्या. ती मुले काय मागत होती? रोजगार, पाणी, रेल्वे, उद्योग, म्हणजेच विकासातील आपला वाटा. पण तो वाटा किती हे रक्त सांडून ठरत नाही, ते मोजावे लागते. ते मोजण्यासाठी शासनाला १९८३ साली वि. म. दांडेकरांसारख्या अर्थशास्त्रज्ञाच्या अध्यक्षतेखाली समिती नेमावी लागली. १९८४ च्या अहवालात त्या समितीने राज्यातील प्रादेशिक अनुशेष सुमारे ३,१८६ कोटी रुपयांचा दाखवला. त्यांपैकी सुमारे २३.५६ टक्के मराठवाड्याचा होता. ‘अनुशेष’ हा शब्द तेव्हापासून गावोगावच्या सभांत पोचला. पुढे १९९४ साली वैधानिक विकास मंडळे आली आणि एप्रिल २०२० मध्ये त्यांची मुदत संपली. तेव्हा जे मोजमाप पुण्यामुंबईच्या तज्ज्ञांवर सोपवून आपण स्वस्थ बसलो, ते आज कोण करणार? आंदोलनाला आकड्यांचा आधार नसेल तर ते निवेदनापाशी थांबते. आणि आकडा कोणाच्या बाजूने मांडावयाचा हे ठरवणारा आंदोलनात नसेल तर तो आकडा सत्तेच्या बाजूनेच मांडला जातो.

नेमक्या ह्या वेळी शासन काय करीत आहे? २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने उदार कलाशिक्षणाचे, ज्याला इंग्रजी शिकलेले लोक लिबरल आर्ट्स म्हणतात त्याचे, तोंड भरून कौतुक केले आहे. तक्षशिला, नालंदा, बाणभट्टाच्या कादंबरीतील चौसष्ट कला, सारे त्यात आले आहे. पण त्याच धोरणात असेही लिहिले आहे, की २०४० पर्यंत प्रत्येक उच्च शिक्षणसंस्था बहुविद्याशाखीय व्हावी आणि तिची विद्यार्थिसंख्या तीन हजार वा त्याहून अधिक असावी. देशातील केवळ ४ टक्के महाविद्यालयांत तीन हजारांहून अधिक विद्यार्थी आहेत आणि २० टक्क्यांहून अधिक महाविद्यालयांत शंभरदेखील नाहीत, हे त्या धोरणाच्या मसुद्यातच नमूद केले होते. म्हणजे उदार कलाशिक्षण हवे, पण ते लहान महाविद्यालयात नको. तालुक्याच्या गावी असलेले कला महाविद्यालय एकतर कोणात तरी विलीन व्हावे किंवा विझून जावे.

ज्या अमेरिकेकडून हा लिबरल आर्ट्सचा शब्द उसना आणला, तेथील उदाहरण पाहण्यासारखे आहे. मिनेसोटा राज्यातील नॉर्थफील्ड हे गव्हाच्या मुलखातील गाव. तेथे १८६६ साली कार्लटन कॉलेज स्थापन झाले. त्या काळी त्याच मुलखात रेल्वे कंपन्या आणि धान्याचे दलाल शेतकऱ्याला पिळत होते आणि त्यांच्याविरुद्ध शेतकऱ्यांच्या संघटना उभ्या राहत होत्या. नॉर्वेहून येऊन स्थायिक झालेल्या एका शेतकऱ्याचा मुलगा, थॉर्स्टीन वेब्लेन, ह्या लहानशा कॉलेजात दाखल झाला व १८८० मध्ये पदवीधर होऊन बाहेर पडला. त्याला अर्थशास्त्र शिकवावयास जॉन बेट्स क्लार्क होते. मुक्त स्पर्धेत प्रत्येकाला त्याच्या उत्पादकतेइतके मिळतेच, म्हणून विभागणी न्याय्यच असते, ह्या सिद्धांताचे पुढे ते मोठे पुरस्कर्ते ठरले. शिष्याने गुरूचे शास्त्र नीट आत्मसात केले आणि आयुष्यभर त्यावर हल्ला चढवला. १८९९ साली त्याने लिहिलेला ‘द थिअरी ऑफ द लेझर क्लास’ हा ग्रंथ ऐतखाऊ वर्गाची चिरफाड करणारा म्हणून जगभर वाचला गेला. कार्लटनची विद्यार्थिसंख्या आजही दोन हजारांच्या आसपास आहे. आपल्या धोरणाची फूटपट्टी लावली तर कार्लटन नापास होते. लहान असणे हे अमेरिकेत गुणवत्तेचे लक्षण आणि वसमतला मात्र दारिद्र्याचे लक्षण, हा न्याय कोणता?

आपल्या देशातही लहान वर्गांचे आणि निवांत वाचनाचे उदार कलाशिक्षण मिळते. पण ते खासगी विद्यापीठांत, आणि त्याची वर्षाची फी अनेक लाखांत जाते. कुरुंद्याच्या हळद उत्पादकाला ते दार बंद आहे. शिवाय त्या दाराआड तरी स्वातंत्र्य कितीसे आहे? हरयाणात सोनीपतजवळ उद्योगपतींच्या देणग्यांतून उभे राहिलेले अशोका विद्यापीठ ह्या शिक्षणाचा आदर्श म्हणून दाखवले जाते. २०२३ मध्ये तेथील अर्थशास्त्राच्या एका अध्यापकाने २०१९ च्या लोकसभा निवडणुकीतील निकालांविषयी एक शोधनिबंध लिहिला. गदारोळ होताच विद्यापीठाने त्यापासून अंग काढून घेतले, अध्यापकाने राजीनामा दिला, आणि अर्थशास्त्र विभागातील सहकाऱ्यांना उघड पत्र लिहून निषेध करावा लागला. त्या सहकाऱ्यांचे अभिनंदन केलेच पाहिजे. पण धडा स्पष्ट आहे. धनिकांच्या देणगीवर चालणारे अर्थशास्त्र धनिकांची झोप उडेपर्यंतच मुक्त असते. लोकांच्या करांतून चालणाऱ्या महाविद्यालयावर आपला हक्क सांगता येतो. देणगीवर हक्क सांगता येत नाही.

मात्र आपल्या तालुक्याच्या महाविद्यालयांत आज सारे काही ठीक चालले आहे, असे सांगण्याचा दांभिकपणा आपण करू नये. प्राध्यापकांची भरती शासनाने वर्षानुवर्षे रोखून धरली. अर्थशास्त्र शिकवणारा तरुण तासिका तत्त्वावर राबतो. शिकवलेल्या तासांचे पैसे मिळतात, सुट्टीत मिळत नाहीत, आणि पुढच्या वर्षी आपण असू की नसू हे त्याला माहीत नसते. ज्या माणसाचे स्वतःचे अर्थशास्त्र असे लटकते आहे, त्याने वर्गात सीमांत उपयोगिता कोणत्या तोंडाने समजावून सांगावी? विद्यार्थी परीक्षेच्या तोंडावर मार्गदर्शक पुस्तिका घोकतो. मागणी-पुरवठ्याची आकृती तो बिनचूक काढतो; पण मोंढ्यात बापाची हळद बोलीला लागते तेव्हा तो आकृतीतला मागणीदार कोण, आणि तो एकटाच का बोलतो, हे त्याला कोणी विचारीत नाही. आणि शिक्षणसंस्था हे वतन मानून नेमणुकांचे बाजार मांडणाऱ्यांत एकेकाळी आपल्या व्यासपीठावर बसलेले लोक मुळीच नाहीत, असे म्हणता येईल काय? शासनावर टीका करण्याचा अधिकार ह्या प्रश्नाचे उत्तर दिल्यावरच मिळतो.

दोन आक्षेप ऐकू येतात. पहिला आक्षेप असा, की अर्थशास्त्राच्या पदवीने नोकरी लागत नाही. खरे आहे, पण नोकरी कोणत्या पदवीने लागते आहे? अभियंतेही शिपायाच्या जागेसाठी अर्ज करतात. बेकारी ही पदवीची करणी नाही, ती अर्थव्यवस्थेची करणी आहे. आणि हे ओळखण्याची दृष्टी देणारा विषयच बेकारीच्या नावाखाली बंद करावयाचा, ही राज्यकर्त्यांना फार सोयीची युक्ती आहे. डॉ. आंबेडकरांनी १९१८ साली भारतातील लहान शेतजमिनींवर निबंध लिहिला. जमिनीचे तुकडे एकत्र केले की शेती सुधारेल, असे तेव्हा सरकारी तज्ज्ञ सांगत होते. आंबेडकरांनी दाखवून दिले, की तुकडा लहान की मोठा हे त्याच्या आकारावरून ठरत नाही. त्यावर राबणारे भांडवल आणि अवजारे किती ह्यावरून ते ठरते, आणि शेतीवरील जादा माणसांना उद्योगांत काम दिल्यावाचून शेतीचा प्रश्न सुटणार नाही. हा निबंध कोणाला नोकरी लावण्यासाठी लिहिला गेला नव्हता. पण शंभर वर्षांहून अधिक काळ लोटला तरी मराठवाड्याच्या शेतीपुढे उभा असलेला प्रश्न त्यात मांडलेला आहे.

दुसरा आक्षेप आपल्यातल्या काही कडव्या मंडळींचा आहे. विद्यापीठात शिकवले जाते ते भांडवलदारी अर्थशास्त्र. ते शिकून आपली मुले बिघडतील, त्यांना आपल्या पुस्तिका द्याव्यात, असे ते म्हणतात. वेब्लेनचे उदाहरण ह्यासाठीच दिले. ज्या शास्त्राच्या भाषेत आपल्यावर अन्याय होतो ते शास्त्र न शिकता त्याचा निषेध करणे म्हणजे कायदा न वाचता खटला लढवणे. पुस्तिका सभेपुरती पुरते. तज्ज्ञ समितीसमोर ती चालत नाही. १८९७ मध्ये वेल्बी आयोगासमोर साक्ष देणारे गोपाळ कृष्ण गोखले फर्ग्युसन महाविद्यालयातील अध्यापक होते. साम्राज्याच्या जमाखर्चावर त्यांनी साम्राज्याच्याच आकड्यांनी उलटतपासणी केली, म्हणूनच त्यांचे बोलणे उडवून लावता आले नाही.

मग करावयाचे काय? पहिली मागणी अशी, की ग्रामीण व निमग्रामीण भागातील महाविद्यालयांना तीन हजारांची अट लावू नये. महाविद्यालय जिल्ह्याच्या गावी गेले म्हणजे मुलगा कदाचित खोली करून राहील. मुलीचे शिक्षण मात्र एस. टी.च्या शेवटच्या फेरीवर येऊन थांबेल. विलीनीकरणाची पहिली किंमत शेतकऱ्याची आणि मजुराची मुलगी मोजणार आहे, हे ज्यांच्या ध्यानात येत नाही त्यांनी समतेच्या गोष्टी करू नयेत. दुसरी मागणी अशी, की प्रत्येक अनुदानित कला महाविद्यालयात अर्थशास्त्राचे किमान एक पूर्णवेळ, कायम पद भरले गेलेच पाहिजे. विद्यार्थी कमी म्हणून पद नाही आणि पद नाही म्हणून विद्यार्थी कमी, हे दुष्टचक्र शासनानेच निर्माण केले आहे, शासनानेच ते तोडावे. तिसरी मागणी अभ्यासक्रमाची आहे. प्रत्येक विद्यार्थ्याने पदवी घेण्यापूर्वी एका गावाचा, एका सेवा सहकारी सोसायटीचा किंवा एका पिकाचा जमाखर्च मराठीत मांडावा. ही काही अद्भुत कल्पना नाही. हॅरल्ड मान ह्यांनी पुण्याजवळच्या पिंपळे सौदागर ह्या एका खेड्याची पाहणी करून ती १९१७ साली प्रसिद्ध केली. धनंजयराव गाडगीळांनी गोखले संस्थेतर्फे वाई तालुक्यातील शेतीची पाहणी केली, आणि तेच गाडगीळ पुढे प्रवरेच्या सहकारी साखर कारखान्याचे अध्यक्ष झाले. बाहेरच्या विद्वानांना जे एका खेड्यात सापडले, ते त्या खेड्यातील मुलांना सापडणार नाही काय?

ह्या तिन्ही मागण्या शासनाकडे करावयाच्या आहेत. चौथे काम मात्र आपले आहे, आणि त्यासाठी कोणाच्या परवानगीची गरज नाही. पक्षाच्या प्रत्येक शाखेने आपल्या जवळच्या महाविद्यालयातील अर्थशास्त्राच्या अध्यापकाला जाऊन भेटावे, मग तो तासिकेवरचा का असेना. मोंढ्यातील पट्ट्या, कारखान्याची ऊसबिले, सोसायटीचे कर्जखाते, पीकविम्याच्या पावत्या, ग्रामपंचायतीचे अंदाजपत्रक, ही कागदपत्रे आपल्या कार्यकर्त्यांच्या घरी धूळ खात पडली आहेत. ती वर्गात पोचवावी. विद्यार्थ्यांनी मांडलेला हिशेब गावच्या चावडीवर वाचून दाखवावा. तो आपल्या घोषणांशी जुळला नाही, तर घोषणा तपासून पाहण्याचे धैर्य आपण दाखवावे. असे एक वर्ष जरी झाले, तरी अर्थशास्त्राच्या वर्गात विद्यार्थी नाहीत ही तक्रार फार दिवस ऐकू येणार नाही.

कुरुंद्याच्या मुलांना अर्थशास्त्र कशाला, असे विचारणाऱ्यांना त्याचे उत्तर मनातून ठाऊक आहे. उसाच्या बिलावरचा उतारा आणि हमीभावातला उत्पादनखर्च ज्या दिवशी ही मुले स्वतः तपासू लागतील, त्या दिवशी बरेच जुने हिशेब पुन्हा मांडावे लागणार आहेत. लहान महाविद्यालये त्यांना खुपतात ती ह्यामुळेच. आणि आपण ती जपावयाची तीही ह्याचसाठी.